अर्धी पेटी संत्री

प्योकाका तीस वर्षं पोस्टमन होते. कोरियातल्या देजॉन शहरापलीकडची डोंगरातली गावं त्यांनी आधी सायकलवर आणि मग मोटरसायकलवर पिंजून काढली, आणि त्या तीस वर्षांत एकाही पाकिटाचा कोपरा उचकटून पाहिला नाही. सैन्यात गेलेल्या मुलाचं पत्र असो की कोर्टाची नोटीस, ज्याचं त्याच्या हातात, जसंच्या तसं. निवृत्त झाल्यावर ते खुनबावी अपार्टमेंटमध्ये १०४ नंबरच्या इमारतीचे वॉचमन झाले, आणि पुढच्या नऊ वर्षांत त्यांनी एकही निरोप जसाच्या तसा पोचवला नाही. माणूस तोच, टोपी तेवढी बदलली.

यात दोष त्यांचा किती आणि इमारतीचा किती, हे सांगणं अवघड आहे. इमारत पस्तीस वर्षांपूर्वीची, पंधरा मजली, आणि स्लॅब इतके पातळ की वरच्या घरात कुणी लसूण ठेचायला घेतला की खालच्या घरातली भिंतीवरची घड्याळं हलायची. आता वर जाऊन दार वाजवावं आणि "जरा हळू" म्हणावं, तर समोरासमोर आल्यावर वयानं मोठं कोण, आधी वाकायचं कुणी, शब्द किती चढवायचा, हजार भानगडी. आणि एकदा तोंडातून काही निघून गेलं की पुढची वीस वर्षं त्याच लिफ्टमध्ये एकमेकांकडे पाठ करून उभं राहायचं. म्हणून लोक इंटरकॉम उचलायचे आणि सगळं वॉचमनच्या केबिनमध्ये ओतायचे. काकांनी ते पुढे सांगायचं. पगार मिळायचा तो गेट सांभाळायचा, पार्सलं ठेवून घ्यायचा, बुधवारी प्लास्टिक आणि कागद वेगळा करून घ्यायचा, जागा नाही म्हणून न्यूट्रलला टाकून आडव्या लावलेल्या गाड्या ढकलून वाट मोकळी करायचा. खरं काम हे निरोपांचं होतं, आणि ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

सगळ्यात जास्त निरोप सातव्या आणि आठव्या मजल्यामध्ये जायचे. ७०३ मध्ये नामगुंगबाई राहायच्या. अडतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेलं, वय चौऱ्याहत्तर, घरात एकट्या, आणि आवाज अजून वर्गातला. त्यांच्या बरोबर डोक्यावर, ८०३ मध्ये, बान योनजू. सहा वर्षांपूर्वी ती पोटुशी असताना इथे राहायला आली. नवरा दूरच्या गावी कारखान्यात, शनिवार-रविवारी घरी यायचा. मुलगी राओन पाच वर्षांची, आणि चालणं म्हणजे काय हे त्या मुलीला कुणी शिकवलंच नव्हतं. ती फक्त धावायची, आणि धावून झालं की सोफ्यावरून उडी मारायची.

"वॉचमनकाका, वर माणसं राहतात की घोडे बांधलेत?" नामगुंगबाई इंटरकॉमवर कडाडायच्या. "त्या बाईला सांगा, मूल सांभाळता येत नसेल तर जन्माला कशाला घालायचं!"

"हो बाई. सांगतो."

काका इंटरकॉम ठेवायचे. थर्मासमधून बार्लीचा चहा ओतून घ्यायचे आणि तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायचे. मग ८०३ चं बटण दाबायचे.

"राओनच्या आई, जेवलात का? नाही हो, काही नाही. खालच्या बाई विचारत होत्या, राओन बरी आहे ना? दोन दिवस पावलं वाजली नाहीत, आज वाजली, तर त्यांना बरं वाटलं. पण डोकं जरा दुखतंय त्यांचं. ती जाड चटई आहे ना तुमच्याकडे, बघा, अंथरता आली तर."

"अगं बाई, डोकं दुखतंय? आत्ता अंथरते, काका."

योनजू काही दरवेळी इतकी गोड नसायची. दिवसभराच्या कामानं वैतागलेली असली की तीही फटकारायची. "मग काय पोरीला खांबाला बांधू? त्यांना म्हणावं, कानात बोळे घाला!" तेव्हा काका पुन्हा चहा ओतून घ्यायचे, आणि खाली कळवायचे, "बाई, बिचारी फार ओशाळली. खाली येऊन माफी मागते म्हणत होती. मीच म्हटलं, बाई आत्ता पडल्या असतील."

"हं," नामगुंगबाई म्हणायच्या. "वळण बरं आहे तसं तिला."

पहिल्याच हिवाळ्यात एकदा प्रकरण फारच हातघाईवर आलं. तान्ही राओन रात्रंदिवस रडायची आणि बाईंच्या संयमाची दोरी तुटत आली होती. काकांनी गेटवर आलेल्या ट्रकवरून संत्र्यांची एक पेटी घेतली. निम्मी संत्री पिशवीत भरून ७०३ च्या दाराशी दिली, "वरच्यांनी पाठवलीत." उरलेली पेटी ८०३ ला, "खालच्या बाईंनी दिलीत, बाळंतिणीला."

त्यानंतर जे झालं ते काकांनी योजलेलं नव्हतं. कुणाचं काही आलं आणि आपण परत काही दिलं नाही, तर इथल्या माणसाला रात्रीची झोप लागत नाही. तिसऱ्या दिवशी नामगुंगबाई भाताचं गोड, थंडगार पेय बाटलीत भरून केबिनपाशी आल्या. "वर द्या. माझं नाव सांगायची काही गरज नाही," म्हणाल्या, दोन पावलं गेल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "सांगा." वरून मग कांद्याच्या पातीची धिरडी उतरली. खालून मुळ्याची किमची, आंबवलेलं तिखट लोणचं, चढली. सहा वर्षं असं चाललं. पहिली संत्री तेवढी खोटी होती, पुढचं सगळं खरं होतं. तरीही दर डिसेंबरात काका एक पेटी घेऊन ती दोन घरांत वाटायचे. थोडी सवय म्हणून, आणि थोडी, मधला धागा तुटायला नको या भीतीपोटी.

केबिन लिफ्टच्या बरोबर समोर होती. दारावरचे लाल आकडे काचेतून दिसायचे आणि कोण कुठे उतरलं हे काकांना खुर्चीतून न उठता कळायचं. नऊ वर्षांत त्या आकड्यांवरून त्यांना सगळी इमारत पाठ झाली होती.

गेल्या शरदात बोमी आली.

रहिवासी समितीचे अध्यक्ष वी साहेब विमा कंपनीतून निवृत्त झालेले, व्यवस्थित, शब्दाला पक्के. कुठल्याशा कंपनीनं तीन महिने फुकट वापरून बघा म्हटलं, आणि प्रत्येक घराच्या दाराशेजारी, आणि केबिनमध्येही, हाताएवढी काळी पाटी बसली, तीच बोमी. तिच्याशी बोलायचं, ती बोलते. पार्सल आलं की सांगते, पाहुण्यांच्या गाडीला फाटक उघडते, आणि कुणाला काही कळवायचं असेल तर कळवते. डिसेंबरअखेर मतदान. बोमी पास झाली तर चार वॉचमनपैकी कचऱ्यापुरता एकच ठेवायचा, तोही सगळ्यात तरुण. कुणाला काढून टाकायचाही प्रश्न नव्हता. वॉचमनांचे करार तीन-तीन महिन्यांचेच, पुढचा करायचा नाही, झालं.

काका सदुसष्ट वर्षांचे होते. या वयाला दुसरी केबिन कोण देणार, हे त्यांना ठाऊक होतं, आणि केबिनशिवाय दिवस कसा काढायचा हे ठाऊक नव्हतं.

"बाईमाणूस आणलं म्हणे तुमच्या जागी," त्यांची बायको छेसुन ताटात भात वाढता वाढता म्हणाली. "आवाज कसा आहे?"

"गोड आहे. दमत नाही. चहा पण पीत नाही."

"मग अहो, तुमचं काय खरं नाही," ती हसली, आणि मग हसायची थांबली.

लोकांना बोमी आवडली हे कबूल केलं पाहिजे. पोरं तिला कोडी घालायची. नामगुंगबाई तर ती काही बोलली की न चुकता "आभारी आहे" म्हणायच्या, उभ्या असल्या तर किंचित वाकायच्याही. पण महिन्याभरात एक गोष्ट काकांच्या ध्यानात आली. पूर्वी साऱ्या इमारतीतून आठवड्याला चार-पाच तक्रारी यायच्या. आता दिवसाला तेवढ्या येत होत्या. म्हाताऱ्या माणसाला जेवणाच्या वेळी कशाला उठवा, त्यानं काय म्हणायचं आपल्याला, असं मनात येऊन जी माणसं हात आखडता घ्यायची, त्यांना यंत्राची कसली भीड? खुर्ची सरकली, सांग बोमीला. शिंक ऐकू आली, सांग बोमीला. आणि बोमी बापडी सांगायची. शब्दाला शब्द, वर वेळ आणि आकडा.

एका दुपारी कुणी नाही असं बघून काका केबिनमधल्या पाटीशी बोलले. "बोमी, एक विचारू का गं? निरोप सांगताना जरा मऊ करून सांगता येणार नाही का तुला?"

"क्षमा करा," बोमी म्हणाली, "निरोपात बदल करण्याची मला परवानगी नाही."

"परवानगी मलाही नव्हती गं," काका म्हणाले.

व्हायचं ते डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी झालं. कुणाच्या तरी गावाहून आलेली किमचीची जड पेटी घेऊन काका सातव्या मजल्यावर उतरले, तोच जिन्यावरून योनजू धाडधाड खाली आली. हातात भात वाढायचा चमचा तसाच, पायांत सपाता वेगवेगळ्या. तिनं ७०३ ची बेल दाबली आणि दाबूनच धरली.

दार उघडलं.

"बाई, मूल सांभाळता येत नसेल तर जन्माला कशाला घालायचं, हे तुम्ही म्हणालात? बोमीनं आत्ता सांगितलं मला. राओनसमोर! आजचा सहावा निरोप म्हणून सांगितलं!"

नामगुंगबाई एक क्षण चपापल्या. मग मान ताठ झाली. "म्हणाले. सहा वर्षं म्हणतेय. आज ऐकू आलं का?"

"सहा वर्षं? सहा वर्षं तर तुम्ही तिची चौकशी करताय! पावलं वाजली की बरं वाटतं म्हणताय! दरवर्षी संत्री पाठवताय!"

"मी? मी कधी संत्री पाठवली? संत्री तर तू पाठवतेस."

"मी नाही हो पाठवत."

पॅसेजमध्ये कुठल्यातरी घरातला टीव्ही ऐकू येत होता. दोघींची तोंडं एकदमच काकांकडे वळली. काका दोन्ही हातांत किमचीची पेटी धरून उभे होते. पळायला जागा नव्हती.

"काका," नामगुंगबाईंचा आवाज एकदम खाली आला, आणि तोच जास्त लागला. "माझा एकही शब्द तुम्ही वर पोचवला नाहीत?"

"पोचवला, बाई. जरा... धुऊन पोचवला."

"मला दुपारची झोप मिळेना, मी तुमच्याजवळ रडले होते एकदा. तेव्हाही वर निरोप काय गेला? मला बरं वाटलं म्हणून?" त्यांनी चौकटीला हात टेकवला. "आयुष्यभर मुलांना शिकवलं, खोटं बोलू नका. आणि म्हातारपणी मला वाटत होतं, चला, एकटी असले तरी माझा शब्द कुणीतरी मानतंय."

योनजूच्या डोळ्यांत पाणी होतं. "आणि मला वाटत होतं, खाली माझ्या पोरीवर माया करणारी एक आजी आहे."

काकांना वाटत आलं होतं की आपण दोघींना काहीतरी दिलं. त्या दुपारी त्यांना कळलं की देताना आपण दोघींकडून काही काढूनही घेतलं होतं, न विचारता. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. त्यांनी पेटी खाली ठेवली आणि कमरेत पूर्ण वाकले. ते सरळ होईपर्यंत ७०३ चं दार लागलं होतं, आणि योनजू जिना चढत होती.

बातमी इमारतभर व्हायला संध्याकाळही लागली नाही. समितीच्या बैठकीत वी साहेबांनी तीच पुढे ठेवली. ते काकांचे वैरी नव्हते. बोलण्याआधी केबिनपाशी येऊन गेले.

"राग मानू नका, काका. तुमच्या मनात वाईट नव्हतं, मला माहीत आहे. पण उद्या गॅस गळतोय असा निरोप असेल, तर? निरोप हा निरोप असतो."

"खरं आहे, साहेब," काका म्हणाले. "पोस्टात असतो तर मीच मला काढून टाकलं असतं."

मतदान झालं. बासष्ट विरुद्ध एक्केचाळीस. बोमी राहिली.

गंमत अशी की त्या शनिवारनंतर ७०३ मधून एकही तक्रार गेली नाही. वर योनजूनं चटईवर चटई टाकली, राओनला घरात लोकरी मोजे घातले. आठवड्याच्या शेवटी बोमीनं अहवाल दिला, सातवा आणि आठवा मजला, तक्रारी शून्य. वी साहेब खूश झाले. पण काकांना समोर लिफ्ट दिसत होती. खाली नामगुंगबाई उभ्या असल्या तर योनजू पोरीचा हात धरून जिन्याकडे वळायची. बाईंचे डबे वर जायचे बंद झाले, धिरडी खाली यायची बंद झाली. आणि केबिनवरून जाताना बाई मान अशी फिरवायच्या की जणू तिथे भिंतच आहे. नऊ वर्षांत कुणी कितीही बोललं तरी चाललं होतं, हे न बोलणं काकांना सोसवेना.

संत्र्यांचा ट्रक गेटवर येऊन गेला. काकांनी या वर्षी पेटी घेतली नाही. घेऊन देणार कुणाच्या नावानं?

एकतीस डिसेंबर हा शेवटचा दिवस. काकांनी केबिन झाडली, थर्मास आणि जाड कोट पिशवीत भरला, पार्सलांची वही आता कुणाला द्यायची हे न कळून टेबलावरच ठेवली. दुपारभर लोक येत होते. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी मोज्यांचे जोड दिले, अकराव्यावरच्या आजींनी भाजलेली रताळी. प्रत्येकजण म्हणायचा, "काका, तुमच्याशिवाय कसं व्हायचं?" आणि काका म्हणायचे, "बोमी आहे की." त्या बासष्टांत कोण होतं, हे त्यांनी मनातही मोजलं नाही.

तीनच्या सुमाराला नामगुंगबाई बाजारातून आल्या. दोन्ही हातांत पिशव्या, पाठ ताठ, चाल खटाखट. काका उठून उभे राहिले. बाईंनी बघितलं नाही. लिफ्टचे आकडे चढले, सातवर थांबले. काका बसले.

चार वाजता काचेवर टकटक झाली. बाहेर योनजू, हातांत संत्र्यांची पेटी.

"काका, ही तुम्हाला."

"अहो, कशाला एवढं?"

"माझी नाहीत." तिनं पेटी खिडकीतून आत सरकवली. "खालच्या बाईंनी दिलीत. त्यांनाच यायचं होतं, पण गुडघा फार दुखतोय त्यांचा. म्हणाल्या, तूच देऊन ये."

"गुडघा दुखतोय?"

"फार. सकाळपासून उठवत नाहीये त्यांना." ती काकांकडे न बघता पेटीच्या कडेवरची चिकटपट्टी नखानं खरवडत होती. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "आणि म्हणाल्या, राग नाहीये आता मनात. नऊ वर्षं केलंत तुम्ही. असं... म्हणाल्या."

ताठ पाठीनं, खटाखट पावलं टाकत गेलेल्या बाई काकांना तासाभरापूर्वीच दिसल्या होत्या. पोरीला खोटं नीट बोलता येत नव्हतं. चहा पिऊन यायला हवं होतं तिनं आधी, त्यांच्या मनात आलं.

"बाईंना सांगा," ते म्हणाले, "काकांनी माफी मागितली. खरीच मागितली. एवढंच सांगा."

"सांगते."

"आणि गुडघ्याला जपा म्हणावं."

योनजू हसू दाबत वाकली आणि लिफ्टकडे गेली. जाताना तिनं कोपऱ्यात ठेवलेली एक फुगलेली पिशवी उचललेली काकांना दिसली.

त्यांनी पेटीचं झाकण उघडलं. खालचा थर तेवढा होता. वरची जागा रिकामी, पेटी बरोबर अर्धी.

काका खुर्चीत बसले आणि काचेतून लिफ्टकडे बघू लागले. लाल आकडे चढत गेले. चार, पाच, सहा. योनजूचं घर आठव्यावर. आकडा सातवर थांबला, आणि बराच वेळ तिथेच राहिला.